शिवून ठेवलेलं शेवटचं प्रकरण

मागच्या रविवारी फोनवर धाकटी फार रागावलेली होती. एक जाडजूड रहस्यकादंबरी ती आठवडाभर पुरवून पुरवून वाचत होती आणि वर्गातल्या मैत्रिणीने डबा खाता खाता खुनी कोण ते सांगून टाकलं. ‘आजी, आता त्या पुस्तकात काय उरलं?’ असं तिने मला विचारलं. थोरला मागून म्हणाला, शेवट कळला म्हणून काय झालं, पुस्तक तेच असतं. मग तुमचं दोघांचं जुंपलं आणि फोन तुमच्या आईने घेतला.

तुमच्या आजोबांना हे भांडण फार आवडलं असतं. तुम्ही त्यांना फोटोतच पाहिलं आहे. फोटोत ते गंभीर दिसतात, कारण फोटोवाल्याने तसं बसायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते तसे नव्हते. म्हणून हे लिहायला बसले आहे. क्रमाने लिहीन. मला तशी सवय आहे, आणि क्रम सोडला तर या गोष्टीत मी कुठे अडकून बसेन याचा मला भरवसा नाही.

तेव्हा आम्ही सुरतेत भेस्तानला राहत होतो. आजोबा जवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवण्या-छापण्याच्या एका कारखान्यात, कापड तपासण्याच्या खात्यात वरिष्ठ होते. दिवसभर टेबलावरून साड्यांचं कापड सरकत जायचं आणि त्यातला डाग, सुटलेला धागा, पुसट छपाई ते हेरायचे. मी एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे गल्लीत मला सगळे ‘बाई’ म्हणत. तुमचे बाबा कॉलेजात होते.

वाचनाची आमची आवड एक नव्हती. मी इंग्रजी साहित्य घेऊन शिकलेली. खुनाच्या गोष्टी वाचणं मला वेळ घालवणं वाटायचं. आजोबा म्हणायचे, ‘तुझ्या त्या मोठ्या कादंबऱ्यांत कोण मेलं ते पहिल्या पानावर कळतं आणि का मेलं ते शेवटपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा आमचं बरं.’ उधन्याच्या रस्त्यावर एका मराठी माणसाचं भाड्याने पुस्तकं देणारं छोटं दुकान होतं. कारखान्यातून येताना ते तिथे उतरत आणि पिशवीत एक रहस्यकथा घालून आणत. हळूहळू मीही वाचू लागले. आधी चुका काढायला म्हणून, नंतर नुसतीच.

भाड्याच्या रहस्यकथांना एक रोग असायचा. आधीचा कुणी वाचक बॉलपेनने सुरुवातीच्याच एखाद्या पानावर लिहून ठेवी, ‘खून बायकोने केला आहे. उगाच वेळ घालवू नका.’ आजोबा पुस्तक आणलं की आधी ते अर्धवट डोळे मिटून चाळत आणि पेनची निळी शाई दिसली की न वाचता त्यावर खळीने कागदाची पट्टी चिकटवत. दुसरा रोग आमच्या घरातलाच होता. तुमच्या बाबांना शेवटचं पान आधी वाचायची खोड होती. वाचून गप्प बसले असते तर गोष्ट वेगळी. पण ते जेवताना हसत आणि मित्रांशी बोलावं तसं गुजरातीत म्हणत, ‘पप्पा, आ तो बहु सहेलुं छे.’ हे तर फारच सोपं आहे. आजोबांचा घास तोंडातच राही.

शेवटी त्यांनी त्यावर उपाय काढला. कारखान्यात कापडाचे तुकडे एकमेकांना जोडायला टाके घालतात, तो हात त्यांना होता. मोठी सुई आणि लाल दोरा घेऊन ते पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बाहेरच्या कडेने शिवून टाकत. सरळ धावदोरा, सगळे टाके सारखे. सगळ्यांनी आपापला संशय सांगितला की मग कात्री आणायची. दुकानवाला आधी कुरकुरला, पानांना भोकं पडतात म्हणाला. पण काही दिवसांनी त्याचीच गिऱ्हाइकं मागायला लागली, ‘ते टाके घातलेलं पुस्तक द्या.’ त्या पुस्तकांत कुणी काही लिहिलेलं नसे ना.

सगळ्यांनी म्हणजे कुणी, ते सांगायला हवं. रविवारी दुपारी जेवणं झाली की समोरच्या घरातले काका-काकी आमच्याकडे यायचे. ते धुळ्याकडचे. काका लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, पाळी करत. काकी आमच्याशी मराठी बोलत, पण पुस्तक रंगात आलं की अहिराणीवर घसरत. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठीच मी मोठ्याने वाचू लागले होते आणि मग तीच रीत पडली. मी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सकाळच्या खमणातलं उरलेलं बशीत असायचं.

वाचकाला लेखकाने फसवलं की माणसं कशी वागतात, ते मी त्या खोलीत पाहिलं. काकींना राग यायचा. ‘एवढा देवमाणूस, आणि त्यालाच खुनी केला? लिहिणाऱ्याला काही लाज?’ मेलेल्या माणसासाठी खरोखर हळहळणाऱ्याही त्या एकट्याच. आम्ही खुनी शोधत असू आणि त्या मध्येच विचारत, ‘त्याच्या बायकोला कळवलं का कुणी?’ काका पाळी करून आलेले असत. पहिल्या पानालाच बसल्या जागी झोपत. संशय सांगायची वेळ आली की काकी त्यांना कोपराने ढोसत आणि ते डोळे न उघडता म्हणत, ‘डॉक्टर.’ पुस्तकात डॉक्टर असो की नसो. एकदा खरोखरच डॉक्टर निघाला. त्यानंतर कितीतरी रविवार काकी त्यांच्याकडे जरा आदराने बघत होत्या.

आणि आजोबा. त्यांच्याइतकं आनंदाने फसणारं माणूस मी पाहिलं नाही. शेवट उलटला की क्षणभर अगदी गप्प, मग मांडीवर थाप मारून, ‘फसवलं लेकाने.’ मग मला मागची पानं पुन्हा वाचायला लावून तो धागा कुठे होता ते शोधत. दिवसभर दुसऱ्यांचे दोष पकडणाऱ्या माणसाला स्वतः चुकल्याचा एवढा आनंद का व्हावा, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘कापडात दोष सापडला की कुणाला तरी बोलणी बसतात. इथे मला नाही सापडला, तर कुणाचंच काही बिघडत नाही.’

आमच्यात एक नियम होता आणि पुढचं सगळं त्या नियमामुळेच झालं. दुकानात पुस्तकं थोडी, त्यामुळे आणलेलं पुस्तक आमच्यापैकी कुणीतरी आधी वाचलेलं असणं नेहमीचं. अशा वेळी वाचलेल्याने तसं सांगायचं नाही. चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. सगळ्यांबरोबर ऐकायचं, खोटा संशय मनापासून सांगायचा आणि शेवटी सगळ्यांबरोबर चकित व्हायचं. यात आजोबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन रविवार ते एखाद्या बिचाऱ्या वकिलाविरुद्ध इतक्या तळमळीने बोलत की आम्हीही वकिलाच्या मागे लागत असू. नंतर कळायचं, हे पुस्तक त्यांनी बसमध्ये आधीच संपवलं होतं. काकी त्यांना म्हणत, ‘दादा, तुम्ही कपडा तपासायला कशाला गेले? नाटकात जायचं ना.’

एक खूण मात्र मला माहीत होती, फक्त मला. नाटक करताना ते चष्मा पुसत राहत आणि माझ्याकडे बघत नसत. बघितलं असतं तर त्यांना हसू फुटलं असतं.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, त्याबद्दल तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल. लोक मिळेल त्या गाडीने गावी गेले. दुकानवालाही गेला. आम्ही राहिलो, समोरचेही राहिले. शाळा बंद, कारखाने बंद. आमच्याकडे एकच पुस्तक अडकलं होतं, ते आम्ही तोंडाला रुमाल बांधून वाचलं आणि संपल्यावर पुन्हा वाचलं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आधी हसत वाचलं, मग नुसतंच, एकमेकांचा आवाज ऐकू यावा म्हणून.

गोष्ट साधी होती. थंड हवेच्या ठिकाणी एका मळेवाल्याचा बंगला. मालक देवघरात मेलेला सापडतो, दार आतून बंद. घरात त्याची बायको, पुतण्या, वकील, नर्स आणि बागेत एक मुका माळी. मेलेल्याजवळच्या कपात गोड चहा असतो आणि मालक तर कधीच साखर घेत नसतो. शेवटी कळतं, की मेला तो मालक नव्हेच, त्याच्यासारखा दिसणारा चुलतभाऊ. खरा मालक दाढी वाढवून, मुका माळी होऊन, आपल्याच घराच्या बागेत सगळ्यांसमोर वावरत असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजोबांचा संशय नर्सवर होता, ‘औषध तिच्याच हातात असतं.’ शेवट ऐकून त्यांनी मांडीवर जी थाप मारली, ती समोरच्या घरात ऐकू गेली असेल. काकी मात्र अडून बसल्या. ‘त्याची बायको रोज त्या माळ्याला पाणी देते. तिला कसा ओळखू आला नाही?’ आजोबा म्हणाले, ‘ताई, ते सांगायला लेखक विसरला.’

त्या दिवसांनंतर ते पुस्तक आमच्या बोलण्यातच आलं. किल्ली हरवली की कुणीतरी म्हणायचं, ‘माळ्याला विचारा.’ काका दाढी करायचे राहिले की, ‘माळी झालात का?’ घरातलं कुणी ते पुस्तक विसरणं शक्य नव्हतं, हे तुम्हाला कळावं म्हणून एवढं सांगते आहे.

त्यानंतर तीन-एक वर्षांनी काही काही होऊ लागलं. आजोबा कुणी काही न लिहिलेल्या पानांवरही पट्ट्या चिकटवू लागले. एकदा सचिनहून येताना भलत्याच ठिकाणी उतरले आणि घरी येऊन म्हणाले, सुरत फार वाढली. मी एकदा चष्मा शोधत होते. तुमचे बाबा सवयीने म्हणाले, ‘माळ्याला विचार.’ आजोबांनी पेपरातून मान वर केली. ‘आपल्याकडे माळी कुठे आहे?’ आम्ही दोघं खूप हसलो. तेही हसले.

मग एका शनिवारी ते पिशवीतून पुस्तक काढत म्हणाले, ‘नवीन मिळालं.’ तेच होतं. त्याच बंगल्याचं चित्र, शेवटच्या प्रकरणाच्या कडेला आमच्याच सुईची भोकं. मी काही बोलणार होते, पण ते सुई-दोरा घेऊन बसले होते आणि त्याच जुन्या भोकांमधून शांतपणे टाके घालत होते. मला वाटलं, काहीतरी मोठी गंमत योजली आहे यांनी. मग नियम तो नियम. मी चेहरा सरळ ठेवला.

रविवारी काकींनी पहिलं वाक्य ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी भुवई हलवली. त्यांना समजलं. तुमचे बाबाही समजले. आम्ही सगळे जणू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे बसलो आणि तो खेळ दोन रविवार चालला. आजोबा रंगून ऐकत होते. संशय विचारला तेव्हा म्हणाले, ‘नर्स. औषध तिच्याच हातात असतं.’ अगदी तेच शब्द. काकींनी पदर तोंडाला लावला. मग आजोबांनी स्वतः दोरा कापला आणि मी वाचलं. माळ्याने दाढी काढली त्या जागी मी थांबले. ते क्षणभर गप्प होते. मग मांडीवर थाप. ‘फसवलं लेकाने.’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकी म्हणाल्या, ‘दादा, नट म्हणजे नट. असं सोंग तर मी जत्रेतबी नाही पाहिलं.’ तुमचे बाबा उठून त्यांच्या पाया पडायचं नाटक करून आले. काकाही जागे होऊन टाळ्या वाजवत होते.

आजोबांनी एकेकाकडे पाहिलं. टाळ्या कशासाठी ते त्यांना कळत नव्हतं. मग सगळे वाजवत आहेत म्हणून त्यांनीही वाजवल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्याला त्यांनी दोन्ही रविवारांत हात लावला नव्हता. आणि ते थेट माझ्याकडे बघत होते, आपल्याला सापडलेली गंमत मलाही दिसली का, हे बघावं तसे.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. ते पाणी प्यायला आले. मी विचारलं, ‘हे कधीपासून ठरवलं होतंत?’

‘काय?’

‘हेच पुस्तक पुन्हा आणायचं.’

त्यांनी पेला ठेवला. ‘पुन्हा म्हणजे? तू वाचलं होतंस आधी?’

मी हो म्हटलं.

‘मग बोलली नाहीस ते बरं केलंस,’ ते म्हणाले. ‘मजा गेली असती.’

मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले. माझा चेहरा त्यांना दिसायला नको होता.

डॉक्टरांकडे गेलो, तपासण्या झाल्या. एवढ्या वयात हा विस्मरणाचा आजार सहसा होत नाही, पण होतो, असं डॉक्टर म्हणाले. पुढे काय काय होत जाईल तेही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, स्पष्ट, क्रमाने. ते मी इथे लिहीत नाही. आजोबांना एवढंच समजलं की नोकरी सोडायची आहे. त्यांनी विचारलं, ‘डोळ्यांत दोष आहे का?’ डोळ्यांत काहीच नव्हतं. त्यांना तेव्हाही दुरून सुटलेला धागा दिसायचा.

काकींनी ऐकलं तेव्हा त्या आधी मानायलाच तयार नव्हत्या. ‘दादा सोंग करतात, बाई. तुम्ही डॉक्टरलाबी फसू दिलं.’ मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘त्यांना ते पुस्तक नवं वाटतं ना? मग वाचा की. श्रावणात दरवर्षी तीच पोथी वाचतो. शेवट माहीत आहे म्हणून कुणी उठून जातं का?’

धाकटे, तुझ्या प्रश्नाला मला पुढे सुचलं असतं त्याहून चांगलं उत्तर हे आहे. पण ते पुरेसं नव्हतं, हेही सांगायला हवं.

नवी पुस्तकं त्यांना आता पेलत नव्हती. माणसं आठवत नसत, मागचं प्रकरण निसटून जाई. हे एक पुस्तक मात्र कुठेतरी आत मुरलेलं असावं. त्यात ते हरवत नसत. दुकानवाला म्हणाला, ‘ठेवा तुमच्याकडेच.’ मग आम्ही तेच वाचू लागलो. संपलं की काही रविवार मध्ये जाऊ द्यायचे आणि पुन्हा सुरू. आजोबा टाके घालत, नर्सवर संशय घेत, आणि शेवटी थाप मारत. त्या थापेसाठी आम्ही आठवडे काढत होतो. त्यांचं बाकी सगळं एकेक करून जात होतं, पण रविवारच्या त्या खुर्चीवर ते पेशंट नव्हते. ते आमच्यासारखेच एक ऐकणारे होते आणि तेवढं त्यांच्याकडे राहावं, एवढीच माझी धडपड होती.

असं वर्षभर चाललं असेल. एका रविवारी शेवट जवळ आला होता. तुमच्या बाबांनी नेहमीप्रमाणे वकिलाचं नाव घेतलं. काकींना काकांना ढोसावं लागलं नाही. ते ताठ बसून ऐकत होते. घरातल्या माणसाचं दुखणं आहे, अशा वेळी झोपणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटलं असणार. ते स्वतःहून म्हणाले, ‘डॉक्टर.’

आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे आज झोपले का नाहीत?’

त्यांची नजर काकांवरून काकींवर गेली. काकींनी आश्चर्याला तयार म्हणून हात आधीच गालाशी नेला होता. तिथून तुमच्या बाबांवर, आणि मग माझ्यावर. टेबलावरून कापड सरकताना ते जसं बघत असतील, तशी ती नजर होती. त्यांच्या आयुष्यातला तो शेवटचा दोष त्यांनी पकडला.

‘तुम्ही सगळ्यांनी वाचलंय,’ ते म्हणाले. ‘मी एकटाच राहिलो.’

रागाने नाही म्हणाले. वर्गातली मुलं पुढे गेली आणि आपण मागच्या इयत्तेत राहिलो, हे एखादं मूल सांगतं, तसं म्हणाले. तुमचे बाबा उठून बाहेर गेले. मी मांडीवरच्या पुस्तकाची शिवलेली कड बोटांनी सारखी करत राहिले.

काकी म्हणाल्या, ‘माले वाचताच येत नही, दादा. मी काय वाचसू?’

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात ते मला दोनदा, तुम्ही कुणाकडे आलात, असं विचारून झाले होते. पण हे त्यांना कुठूनतरी सापडलं. ‘हो,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला वाचता येत नाही.’ मग त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि काकींच्या शेजारी नेऊन ठेवली. ‘म्हणजे आपण दोघंच राहिलो.’

‘दोघंच,’ काकी म्हणाल्या.

तेव्हापासून ते तिथेच बसू लागले, आमच्या समोर, काकींच्या बाजूला. मला ते ‘बाई’ म्हणू लागले होते. गल्लीत सगळेच म्हणत, म्हणून सुरुवातीला मी ते थट्टेवारी नेलं. मग एकदा वाचता वाचता मी पान उलटायला थांबले, तेव्हा ते काकींना हळूच सांगताना ऐकलं, ‘या बाई वाचतात छान. पण यांना शेवट माहीत असतो. तोंडावर दिसतं.’ त्यानंतर मी पुस्तक चेहऱ्यासमोर धरून वाचू लागले.

पुढे पुढे दोरा कापायची वेळ आली की ते शिवलेल्या कडेवर तळवा ठेवत. ‘राहू दे.’ मग आम्ही तिथेच थांबायचो. संशय सांगून होत, खमण संपे, आणि काका-काकी घरी जात. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या पानापासून.

थंडीत, बाजारात पोंक, म्हणजे आपला हुरडा, आला होता त्या दिवसांत ते गेले. दुपार होती. जवळ मी आणि तुमचे बाबा होतो. त्याबद्दल एवढंच.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मग रविवार आला आणि जेवणं झाल्यावर दार वाजलं. काका-काकी होते, काकींच्या हातात खमणाचा पुडा. त्या आपल्या जागी बसल्या. शेजारची खुर्ची तशीच ठेवली. मला म्हणाल्या, ‘बाई, अर्धवट राहिलंय.’

मी पुस्तक घेतलं. शेवटाजवळचं प्रकरण उघडलं आणि वाचलं. काका बसल्या बसल्या झोपले, ते पाहून मला बरं वाटलं. संशय सांगायची वेळ आली. तुमचे बाबा वकील म्हणाले. काकींनी कोपर मारलं, काका म्हणाले, ‘डॉक्टर.’ मी काकींकडे पाहिलं.

‘माझा मागून,’ त्या म्हणाल्या. ‘आधी दादांचा. दादांचा संशय नर्सवर.’

मी कात्री घेतली. ते टाके त्यांनी शेवटचे घातलेले. काही लांब, काही आखूड, काही आधीच्या प्रकरणातून आरपार गेलेले. त्यांच्या हाताचे आहेत हे कुणी सांगून पटलं नसतं. मी एकेक कापला आणि वाचू लागले. माळ्याने दाढी काढली. त्या जागी मी थांबले, नेहमी थांबायची तशी. खोलीत काहीच आवाज झाला नाही.

मी पुढे वाचून पुस्तक मिटलं. काकींनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला.

‘त्याची बायको रोज त्याला पाणी देत होती, बाई. तिला कळलंच नसेल का?’

इतकी वर्षं याचं उत्तर तुमचे आजोबा देत होते. मी म्हटलं, ‘पुस्तकात लिहिलेलं नाही.’